रणांत पडलेल्या शिपायाचें घराणें : गांवदप्तर व लष्करी कागद यांचा मेळ

(१)

जुन्या पेटींतून निघालेलें रुप्याचें एखादें पदक, ब्राँझची वाटोळी जड पाटी आणि कसरीनें खाल्लेला पेन्शनीचा कागद घेऊन मंडळी आम्हांकडे येतात व ‘हा आमच्या घराण्यांतला नेमका कोण?’ असा प्रश्न करितात. घरांत एवढेंच ऐकिवांत असतें कीं, पणज्यापैकीं कोणी एक बसऱ्याकडे लढाईवर गेला तो परत आला नाहीं. त्याचें नांव वंशावळींत कोठें घालावयाचें, तो मूळपुरुषाच्या कोणत्या शाखेचा, त्याला संतति होती कीं नव्हती, हें सांगणारें माणूस आतां हयात नसतें. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर व बेळगांव या टापूंत अशीं घराणीं शेकड्यांनीं आहेत. त्यांतील पुष्कळ गांवांत १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाचा संगमरवरी फलक चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतींत बसविलेला आढळतो. या गांवांतून इतके इसम युद्धावर गेले व त्यांपैकीं इतके कामास आले, एवढेंच त्यावर असतें. आंकडा आहे, नांवें नाहींत. ज्या गांवानें माणसें दिलीं त्या गांवांतच त्यांचीं नांवें नाहींशीं झालीं, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें मनास लावून घेण्यासारखी आहे.

अशा प्रसंगीं शोध कसा चालवावा याविषयीं आमचा जो अनुभव आहे तो येथें मांडतों. त्याचें सार आरंभींच सांगणें बरें. लष्करी कागद एका हेतूनें लिहिले गेले व गांवचे कागद दुसऱ्या हेतूनें. एकांत शिपाई आहे पण घराणें नाहीं. दुसऱ्यांत घराणें आहे पण शिपाई बहुधा नाहीं. या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे वारस. मेलेल्या माणसाची नोंद तो मेला म्हणून राहत नाहीं, त्याच्यामागें कोणास तरी कांहीं द्यावें लागतें म्हणून राहते. सबब वीराचा शोध लावावयाचा असेल तर आधीं त्याच्या विधवेचा, पोराचा किंवा भावाचा शोध करावा.

(२)

प्रथम लष्करी कागदांकडे वळूं. पदक हातीं आलें असतां त्याची दर्शनी बाजू न पाहतां कड पाहावी. १९१४-१८ च्या युद्धाबद्दल दिलेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या व विजयपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते; १९१४-१५ च्या ताऱ्यावर तोच मजकूर मागील सपाट बाजूस असतो. युद्धपदक लढणाऱ्या शिपायांस रुप्याचें व लष्कराबरोबरच्या बिगारी, भिस्ती इत्यादि लोकांस ब्राँझचें दिलें गेलें. म्हणून ब्राँझचें पदक म्हणजे नक्कल, असा समज करून तें टाकून देऊं नये. वर सांगितलेली ब्राँझची वाटोळी पाटी युद्धांत मेलेल्याच्या आप्तांस मिळत असे. तिच्यावर केवळ नांव असतें. हुद्दा नाहीं, नंबर नाहीं, पलटणही नाहीं. एकटी पाटी हातीं आल्यास ओळख पटविणें म्हणूनच सर्वांत कठीण.

पलटणीचा आंकडा वाचतांना पुष्कळांची फसगत होते, कारण एकाच पलटणीचे आंकडे काळाप्रमाणें बदलले आहेत. मुंबई इलाख्याच्या फौजेंतील ३ री, ५ वी, १० वी, १४ वी, १६ वी व १७ वी या पलटणींच्या आंकड्यांत १९०३ सालीं शंभर मिळविण्यांत आले व त्या अनुक्रमें १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ झाल्या. पुढें १९२२ सालीं या सर्वांची मिळून ‘पांचवी मराठा लाइट इन्फंट्री’ बनली. तींत १०३ वी ती पहिली, म्हणजे लोकांच्या तोंडची जंगी पलटण. १०५ वी ती दुसरी, म्हणजे काळी पांचवी. ११० वी ती तिसरी. ११६ वी ती चौथी. ११७ वी ती पांचवी. आणि ११४ वी ती दहावी, म्हणजे शिक्षणाची पलटण. १९४४ च्या जुलईंत इटलींत पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे ज्या तिसऱ्या पलटणींत होते, तीच पहिल्या महायुद्धांतील ११० वी. आजा ‘दहावींत’, बाप ‘एकशें दहावींत’ व नातू ‘तीन-पांचांत’ असें घरांत सांगत असतील तर तिघे एकाच निशाणाखालीं होते असें समजावें. तीन निराळ्या पलटणी शोधीत बसूं नये.

पहिल्या महायुद्धांत आपल्याकडील शिपायांचा मोठा वांटा मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, खर्ची पडला. पुण्याची ६ वी डिव्हिजन १९१४ च्या नोव्हेंबरांत फाव येथें उतरली. तींत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफोनची लढाई झाली, ७ डिसेंबरास कुत-अल-अमारा येथें वेढा पडला व २९ एप्रिल १९१६ रोजीं अन्नावांचून शरण जावें लागलें. कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकीं पुष्कळांस रास-अल-ऐन येथें बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलें गेलें व तेथें कित्येक मेले. ज्यांचें थडगें ज्ञात नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांचें स्मारक बसरा येथें १९२९ सालीं उघडलें गेलें. १९९७ सालीं तें तेथून हलवून नासिरियाच्या वाटेवर नेण्यांत आलें. या स्मारकाच्या शिळांवर हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं गेलीं, परंतु सामान्य हिंदी शिपायांचा पलटणवार केवळ आंकडा घातला गेला. गांवच्या फलकावर आंकडा व बसऱ्याच्या शिळेवरही आंकडाच, अशी दुहेरी उपेक्षा त्यांच्या वांट्यास आली. तथापि कॉमनवेल्थ युद्धसमाधि आयोगाच्या यादींत त्यांचीं नांवें आहेत व ती यादी आज इंटरनेटवर कोणासही पाहतां येते. नोंद चांगली असल्यास तींत शिपायाचें नांव, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, बापाचें नांव, क्वचित् बायकोचें नांव, गांव, तालुका व जिल्हा एवढें सांपडतें. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीनें आपल्या संग्रहांतील युद्धकैद्यांचे कागद २०१४ पासून याच रीतीनें खुले केले आहेत. पलटणींच्या युद्धरोजनिशा लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. पण त्यांत शिपायाचें नांव शोधूं नये, पलटण त्या दिवशीं कोठें होती एवढेंच पाहावें.

कोंकणच्या वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लढाईवर गेलेला पूर्वज शिपाईच असेल असें नाहीं. जहाजावरील खलाशी म्हणून गेलेले व समुद्रांतच नाहींसे झालेले लोक पुष्कळ आहेत. अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक मुंबईस आहे.

(३)

आतां या नोंदी वाचण्यांतील अडचणी. नांवें लिहिणारा कारकून इंग्रजी अक्षरांत लिहीत होता. त्या अक्षरांत ट व त, ड व द, ण व न, ळ व ल यांचा भेद राहत नाहीं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचाही नाहीं. साताऱ्याचें पाटण व गुजराथेंतील पाटण तेथें एक होतात. दळवी, दलवी, दळवे यांचा निवाडा अक्षरांवरून होत नाहीं. खेड म्हटल्यावर रत्नागिरीचें कीं पुण्याचें, हें जिल्हा पाहिल्याशिवाय सांगतां यावयाचें नाहीं. म्हणून यादींतील नांव प्रथम मोठ्यानें उच्चारावें, त्याचीं शक्य तितकीं मराठी रूपें कागदावर मांडावीं व मग गांवीं जावें.

मुलखाची वांटणीही बदलली आहे. जुन्या यादींतील ‘सातारा’ आजच्या सांगली जिल्ह्यांत असूं शकेल. कारण वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यांत होते, त्या वर्षीं दक्षिण साताऱ्यांत गेले व त्या जिल्ह्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. मालवण, देवगड, वेंगुर्लें हे तालुके १९८१ पर्यंत रत्नागिरींत होते, ते आतां सिंधुदुर्गांत आहेत. त्याच वर्षीं कुलाब्याचें रायगड झालें. सावंतवाडी १९४८ पर्यंत निराळें संस्थान होतें, तेव्हां तेथील दप्तराची वाटही निराळी. बेळगांव १९५६ सालीं म्हैसुरांत गेलें. आणि कोयनाकांठचीं जीं गांवें धरणाखालीं गेलीं, तेथील घराणीं शोधावयाचीं तर तीं जेथें उठून गेलीं तेथें विचारपूस करावी लागते.

आडनांवाविषयीं तर विशेष सावध असावें. एकाच घराण्यानें पलटणींत एक, शाळेंत दुसरें व सातबाऱ्यावर तिसरें आडनांव लावल्याचीं उदाहरणें विपुल आहेत. सर्वांस ठाऊक असलेलें एक देतों. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे फौजेंत होते. त्यांचें गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवें. त्यांच्या मुलाचें नांव साताऱ्याच्या सरकारी शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं दाखल झालें तें ‘भिवा रामजी आंबेडकर’ असें. पुढें सर्व जगास ठाऊक झालेलें हें आडनांव घेऊन जर कोणी बापाची पलटण शोधूं लागला, तर त्याच्या हातीं कांहींच लागणार नाहीं. त्याहून मागें जावें तर आडनांवही गळतें : १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जो जयस्तंभ कोरेगांव भीमा येथें आहे, त्यावरील मृतांच्या नांवांत अखेरीस ‘नाक’ असलेलीं नांवें आहेत. हा प्रत्यय पुढील पिढ्यांत लोपला. म्हणून आडनांवावर भिस्त न ठेवतां स्वतःचें नांव, बापाचें नांव व गांव या तिहींवर ठेवावी.

(४)

यानंतर गांवदप्तर. कोतवाल बुक म्हणून जी जन्ममृत्यूची नोंदवही असते तीच लोक प्रथम उघडतात व तींत शिपायाचा मृत्यू नाहीं म्हणून निराश होतात. पण ती नोंदवही गांवांत झालेल्या मृत्यूंची. कुतास किंवा रास-अल-ऐनास मेलेला मनुष्य तींत सांपडावा कसा? तेथें त्याचा जन्म पाहावा, त्याच्या मुलांचे जन्म पाहावे. शेवटच्या मुलाच्या जन्माची तारीख व शिपाई गांव सोडून गेल्याची वेळ यांचा मेळ बसतो कीं नाहीं, ही एक चांगली कसोटी आहे. १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांचीं पानें मात्र जपून वाचावीं. मानमोडीच्या तापानें त्या तीन महिन्यांत घरेंच्या घरें बसलीं. शिपाई रणांत व त्याची बायकामुलें तापांत, अशा दोन मृत्यूंनीं कित्येक शाखा एकाच वर्षीं खुंटल्या.

दुसरें साधन फेरफाराचें. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला व १९१३ सालीं तो सुधारून जमीनमहसुलाच्या कायद्यांत घेण्यांत आला. तेव्हांपासून खातेदार मयत झाला म्हणजे वारसाची नोंद होऊं लागली. युद्धाचा काळ नेमका याच्या पाठोपाठचा, हें आपलें भाग्य होय. या नोंदींत मयताचें नांव, बापाचें नांव, सर्व्हे नंबर व वारस असतात. मुलगा लहान असल्यास पालन करणाराचें नांव असतें. नोंदीची तारीख मात्र मृत्यूची नव्हे, खबर गांवीं पोंचून तलाठ्यानें वही उघडल्याची. बेपत्ता शिपाई मेला असें सरकारनें मानीपर्यंत बराच काळ जाई. तेव्हां यादींत १९१६ व फेरफारांत १९१९ असें दिसल्यास तो विरोध समजूं नये. उलट, फेरफार आधींचा व मृत्यू नंतरचा असें निघालें तर माणूस चुकला असें निश्चित समजावें.

फेरफार न सांपडण्याचींही कारणें आहेत. कुटुंब एकत्र असल्यास खातें वडील भावाच्या नांवें, पुढें ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा शेरा. धाकटा भाऊ शिपाई असेल तर तो कागदावर आलाच नाहीं. कोंकणांत खोती गांवीं खातेदार खोत, आणि शिपायाचें घर बहुधा त्याचें कूळ; तेथें खोतीच्या बोटखतांत कुळांचीं नांवें पाहावीं. ज्यास जमीनच नव्हती त्याच्यासाठीं शाळेची दाखल-खारीज वही व पेन्शनीचे कागद एवढेंच उरतें.

(५)

येथें मुख्य मुद्दा येतो. शिपायाच्या पाठीमागें सरकारनें पेन्शन दिली ती बहुधा विधवेस किंवा लहान मुलांस, तीं नसल्यास आईबापांस. उलट, एकत्र कुटुंबांतील निपुत्रिक विधवेस १९३७ च्या कायद्यापूर्वीं जमिनींत हिस्सा नव्हता, अन्नवस्त्राचाच काय तो हक्क होता. म्हणून एकाच माणसाच्या मृत्यूनंतर पेन्शनीच्या कागदांत वारस बायको व गांवच्या कागदांत वारस भाऊ, असें दिसतें. अभ्यासक म्हणतो, वारस जुळत नाहींत, सबब माणसें दोन. वस्तुतः माणूस एकच. देणीं दोन प्रकारचीं होतीं म्हणून घेणारे दोन झाले. अशा ठिकाणीं विधवेच्या नांवापुढील ‘कोम’ हा शब्द वाट दाखवितो. ‘अमुकबाई कोम तमुक’ म्हणजे तमुकाची बायको. तिच्या नांवाचा जुना दाखला कोठेंही मिळाला, म्हणजे जमिनीच्या तंट्यांत दिलेला जबाब, अन्नवस्त्राचें राजीनामापत्र किंवा घराचा उतारा, कीं शिपायाचें नांव त्यांतच येतें. तिनें पाट लावला असल्यास ‘कोम’पुढील नांव बदलतें, तेव्हां दुसऱ्या घरांतही पाहावें. वंशावळींत बायकांचीं नांवें घालावयाचीं नाहींत अशी जी आपली जुनी रीत, तिनें हा पूल आपणच तोडला आहे.

कल्पना करावी कीं, यादींत एक शिपाई आहे. त्याचें नांव, बापाचें नांव व गांव तिन्ही आमच्याकडे आलेल्या घराण्याशीं जुळतात. तेवढ्यावर आम्ही नातें मान्य करीत नाहीं. नातवास आज्याचें नांव ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. गोंदाचा मुलगा राणू, राणूचा पुन्हां गोंदा व त्याचा पुन्हां राणू, असें चक्र फिरत राहतें; त्यामुळें ‘राणू बिन गोंदा’ एका घरांत साठ वर्षांच्या अंतरानें दोनदां येतो व चुलत शाखेंत एकाच वेळीं दोन निघतात. याकरितां चौथी गोष्ट आम्ही मागतों : एकमेकांस न पाहतां लिहिलेल्या दोन कागदांत एकच वारस, एकच तारीख किंवा एकच सर्व्हे नंबर. ती मिळाली तर नातें सिद्ध. न मिळाल्यास वंशावळींत नांव तुटक रेघेनें जोडावें व तसें स्पष्ट लिहावें. दुसऱ्याचा शहीद आपल्या घरांत घेणें म्हणजे त्या दुसऱ्या घराचा एकुलता पुरावा हिरावून घेणें होय.

(६)

शिपाई पक्का झाला म्हणजे त्याच्यामागें जाणें त्या मानानें सोपें. त्याच्या बापाचा सर्व्हे नंबर धरून मागील मोजणीच्या पत्रकांपर्यंत पोंचतां येतें. गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरास सुरू होऊन पुढें इलाखाभर पसरली. इनाम किंवा वतन असेल तर १८५२ च्या कायद्यानें चाललेल्या इनाम कमिशनपुढील कैफियती पाहाव्या. त्याही मागें पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी रुमाल. तेथेंही आमचा तोच नियम लागू पडतो. पानिपतावर आमचा पूर्वज पडला असें सांगणारीं घराणीं असंख्य. त्यांत पुरावा कोणाजवळ? ज्याच्या मुलांस बालपरवेशी म्हणून जमीन किंवा नेमणूक मिळाली व तिची सनद किंवा हिशेबांतील नोंद आहे, त्याजवळ. पेशव्यांची बालपरवेशी व इंग्रजांची पेन्शन, दोहोंनीं एकच काम केलें : मेलेल्याचें नांव जिवंताच्या पोटासाठीं लिहून ठेविलें.

तारखा लावतांना शुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, या सनांतील जानेवारी १७६१ चा. पानिपताची १४ जानेवारी त्यांतच येते.

नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या हें स्वतंत्र व फार विश्वसनीय साधन आहे. कारण तेथें यजमानानें स्वतः किंवा त्याच्या सांगण्यावरून बाप, आजा, भाऊ, मुलगे यांचीं नांवें कोणत्याही तंट्यावांचून लिहिलेलीं असतात. उलट, वतनाच्या भांडणांत दाखल केलेली वंशावळ कितीही लांब असली तरी ती एका पक्षाची कैफियत असते. तींतून प्रतिपक्षाची शाखा गाळलेली असण्याचा संभव सदैव गृहीत धरावा.

(७)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पदक विकत घेतांना तें ज्या पेटींत होतें ती पेटी, तींतील कागद व विकणाराचें गांव यांची टिपण करून ठेवावी. घराण्यापासून तोडलेलें पदक म्हणजे मोडीच्या भावाचें रुपें. पदकाची कड घासून चकचकीत करूं नये. अक्षरें तेवढ्यानेंच जातात. ज्यांच्या गांवीं महायुद्धाचा फलक आहे त्यांनीं त्यावरील आंकडा उतरून घ्यावा व आयोगाच्या यादींतून, फेरफारांतून, पेन्शनीच्या कागदांतून तितकीं नांवें भरून काढण्याचा प्रयत्न करावा. सर्व भरतील असें नाहीं. पण ज्या गांवीं एक जरी नांव पुराव्यानिशीं आंकड्याच्या जागीं बसलें, तेथें एका घराची तुटलेली रेघ पुन्हां जोडली जाईल. अशीं टिपणें मूळ कागदांच्या नकलांसह आमच्याकडे आल्यास त्यांचा आम्ही आदरानें स्वीकार करूं.